मुबशिराचा पेपर

पेपर सुरू झाल्याची घंटा होऊन फार वेळ गेला नव्हता, आणि शाळेच्या फाटकातून मुबशिरा बाहेर येताना दिसली. करिमाला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची पोरगी आहे. तसाच निळा दुपट्टा, तशीच खांद्यावरून घसरलेली बॅग, तशीच चालताना पायाखालच्या जमिनीकडं बघायची सवय. इंदापुरात अशा पोरी काय कमी असतील! पण पोरगी शिपायाला काहीतरी म्हणाली, शिपायानं जा म्हणून हात झटकला, आणि ती सरळ करिमाच्या दिशेनं चालत आली. करिमा उन्हात उभी होती. बाकीचे आईबाप कडुलिंबाखाली वर्तमानपत्रं पसरून बसले होते. कुणी घरून आणलेला चहा ओतत होतं, कुणी मोबाइलवर मान टाकून होतं. करिमाला तिथं बसवेना म्हणून ती पुढं येऊन उभी राहिली होती, आणि ओठातल्या ओठात दुवा पुटपुटत होती. मुबशिरा समोर आली तरी तिचे ओठ थोडा वेळ हलतच राहिले.

"काय राहिलं? हॉलतिकीट?"

"नाही."

"पोटात दुखतंय का?"

"नाही. झालं माझं."

"काय झालं?"

"पेपर देऊन आले."

"एवढ्यात?"

मुबशिरानं खांद्यावरची बॅग सावरली. ती पुन्हा घसरली. "कोरा दिला," ती म्हणाली. हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, घरात कुणी दूध संपलंय म्हणून सांगावं तसं, आणि त्या आवाजानंच करिमाचं डोकं फिरलं. तिनं पोरीच्या कानाखाली मारली.

लिंबाखालची बोलणी थांबली. मुबशिराच्या केसातली पिन उडून धुळीत पडली होती. राजनंदिनी नावाच्या कुठल्याशा मुलीची आई, जिच्याशी पेपर सुरू होईपर्यंत करिमाच्या गप्पा चालल्या होत्या, लगबगीनं उठून आली, तिनं पिन उचलली, फुंकून पदराला पुसली आणि ती मुबशिराच्या नव्हे, करिमाच्या हातात दिली. "जाऊ द्या ताई," ती म्हणाली, "लेकरू हाय." करिमानं पिन मुठीत धरली आणि पोरीचा दंड धरून ती रस्त्याला लागली. मुबशिरा रडत नव्हती. गालावर हातही ठेवत नव्हती. रस्त्याच्या कडेला उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून उभा होता, ती चालता चालता मान वळवून त्याच्याकडं बघत होती.

हेच ते. हेच करिमाला सहन होत नसे. मार खाल्ल्यावर माणसानं निदान मार खाल्ल्यासारखं तरी दिसावं. ही पोरगी जिथं असायला हवी तिथं नसायचीच कधी. लहानपणी मात्र तसं नव्हतं, किंवा असलं तरी ते कौतुकाचं वाटायचं. बारामतीत हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीत त्यांचं औषधांचं दुकान. करिमा फार्मसी शिकलेली, परवाना तिच्या नावावर, आणि गिऱ्हाईक, माल, माणसं सांभाळायचं काम तिच्या नवऱ्याचं, फारुकचं. मुबशिरा बोलायला लागली ती या दुकानातच. शाळेत जायच्या आधीच काउंटरखाली बसून खोक्यांवरची नावं वाचायची. ज्या नावांना मोठ्या माणसांची जीभ अडखळते ती ही बोबड्या तोंडानं म्हणायची आणि गिऱ्हाईकं थांबून ऐकायची. फारुक तिला उचलून काउंटरवर उभी करायचा. "सांग मामांना, ताप आला तर काय द्यायचं?" आणि ती सांगायची, आणि वर विचारायची, ताप कुठून येतो, गेल्यावर कुठं जातो, गोळीला कसं कळतं डोकं कुठं आहे ते. फारुक पिंपळीचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला तो पहिला. दुकान बंद करून जळोचीच्या घरी जाताना स्कूटरवर पुढं उभ्या असलेल्या पोरीच्या डोक्यावरून तो करिमाला म्हणायचा, "ही डॉक्टर हुणार. लिहून ठेव."

मग कधी बदललं? करिमा हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारून बसली होती की आता उत्तराऐवजी नुसता प्रश्नच डोक्यात गरगरायचा. पाचवीत? सहावीत? वही घेतली की पहिली पानं अशी सुंदर लिहायची, आणि पुढं काही नाही. चित्र काढायला घेतलं तर घोड्याचे डोळे, आयाळ, नाकपुड्या सगळं जिवंत, आणि पाय नाहीत. गणिताचं उत्तर बरोबर, पायऱ्या गायब, म्हणून मार्क गायब. डबा शाळेत विसरायचा, स्वेटर बसमध्ये, चपला मदरशाच्या दारात. आंघोळीला पाठवली की बादली भरून वाहत राहायची आणि ही भिंतीवरच्या मुंग्यांची रांग बघत उभी. पालकसभेला जावं तर प्रत्येक बाई तेच सांगायची, गोड बोलून सांगायची, की मुलगी गुणी आहे, हुशार तर आहेच, त्रास म्हणून काही नाही, फक्त लक्ष नाही. करिमाला वाटायचं, या बायकांच्या टेबलावर हात आपटावा आणि विचारावं, लक्ष नाही तर गेलं कुठं? कुणी नेलं? मुलगा असता आणि बाकावरून उड्या मारत असता तर चार वर्षांपूर्वीच कुणीतरी डोळे उघडून बघितलं असतं. ही गप्प बसायची. गप्प बसणाऱ्या पोरीला सगळे शहाणी म्हणतात.

करिमानं काय करायचं ठेवलं होतं? भिजवलेले बदाम झाले. मोबाइल काढून घेऊन झाला. टीव्हीची तार कापून झाली. क्लास लावले, बदलले. फजरच्या, पहाटेच्या नमाजला उठवून तिला शेजारी बसवून पाठांतर घेऊन झालं. पोरगी पुस्तकावर डोळे उघडे ठेवून कुठंतरी निघून गेलेली असायची. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला. शेवटी शाळेत नव्यानं आलेल्या निकिता मॅडम, ज्या मुलांशी बोलायला म्हणूनच नेमल्या होत्या, त्यांनी करिमाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, हा आळस नाही, आणि तुमची चूकही नाही. पुण्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, अशा मुलांसाठीचे डॉक्टर असतात. घरी येऊन करिमानं हे सांगितलं तेव्हा फारुक जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. "माझी पोरगी येडी हाय का?" एवढंच तो म्हणाला. करिमानं वाद घातला नाही. खरं तर तिला त्या क्षणी हलकंच वाटलं होतं. नवऱ्यानं नाही म्हटलं, सुटलो, आता आपल्याला तिकडं जायला नको, त्या दवाखान्याच्या बाकावर बसायला नको. हे हलकं वाटणं तिला नंतर कित्येक दिवस काट्यासारखं सलत राहिलं.

आणि त्यातून ही परीक्षा निघाली. पुण्याची कुठलीशी संस्था हुशार मुलांना निवडून बारावीपर्यंत शिकवते असं फारुकच्या कानावर आलं. पुस्तकातलं पाठ केलेलं नाही, डोकं चालवून सोडवायचं असतं, म्हणजे हिच्यासाठीच केलेली परीक्षा, असं त्यानं ठरवूनच टाकलं. "ह्यात न्हाय निघाली," तो म्हणाला होता, "तर मग साताऱ्याकडचं ते होस्टेल. जूनपासनं. तितं शिस्त हाय, लागंल वळण." मुबशिरानं ते ऐकलं होतं. ती तेव्हा पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ताटाच्या कडेनं लावत बसली होती.

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. करिमा पायरीपर्यंत गेली आणि थांबली. आत्ता बसलो तर जेवायच्या वेळेलाच बारामती. फारुक दुकानात असेल. त्यानं आज येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असणार, पोरगी परीक्षेला गेली म्हणून. तो विचारेल, लवकर कशा आलात? आणि मग काय सांगायचं? तिचे पाय मागं फिरले. पलीकडं पुण्याची गाडी निघत होती, ती भिगवणवरून जाणार. भिगवणला करिमाचं माहेर. आईवडील राहिले नव्हते, पण धाकटा भाऊ सोहेल होता, हायवेला त्याचं मासेजेवणाचं हॉटेल होतं. भावाकडं जाते आहे असंही तिच्या मनात नव्हतं. नुसता वेळ काढायचा होता. घरापासून लांब नेणारी कुठलीही गाडी तिला चालली असती.

गाडीत मुबशिरा खिडकीशी बसली. मारलेला गाल करिमाच्या बाजूला होता. त्यावर बोटं उमटलेली दिसत होती, आणि करिमाला तिकडं बघवत नव्हतं आणि दुसरीकडंही बघवत नव्हतं. हाताला अजून त्या गालाचा स्पर्श होता. गरम, मऊ, लहान बाळाचा असतो तसाच अजून. हा हात तिला ओळखीचा वाटत होता. तिचे वडील मासळीच्या लिलावाला उभे राहायचे, दिवसभर ओल्या टोपल्या उचलून त्यांचे तळवे फुगलेले असायचे, आणि संध्याकाळी त्या तळव्यांनी ते सोहेलला मारायचे. सोहेल अभ्यासाला बसायचा नाही म्हणून. बसला तर उठायचा म्हणून. मास्तर सांगायचे, पोरगं तल्लख आहे, पण बूड टेकत नाही. आणि वडिलांना त्यातलं तल्लख आहे एवढंच ऐकू जायचं, म्हणून ते जास्त मारायचे. करिमा त्याच खोलीत कंदिलाजवळ बसून अभ्यास करायची. "बहिणीकडं बघ," वडील म्हणायचे, आणि सोहेल खरंच तिच्याकडं बघायचा. तिला आठवत होता तो हात. मासळीचा वास येणारा हात. आज त्या हातातून औषधांचा वास येत होता इतकाच काय तो फरक.

सोहेल आठवीतून शाळेबाहेर पडला. नंतर ट्रकवर क्लीनर, मग मोबाइल दुरुस्ती, मग पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना धरणाच्या पाण्यात होडीतून फिरवणं, मग काही दिवस काहीच नाही, मग हे हॉटेल. करिमाला भावाची माया होती, पण मुबशिराची अर्धी वही समोर आली की तिच्या डोळ्यांपुढं सोहेलच उभा राहायचा, आणि माया असूनही ती वही घाईघाईनं मिटून ठेवायची.

सोहेलनं दोघींना दारातून येताना बघितलं आणि गल्ल्यावरून उठून आला. "आगं, सांगितलं न्हाईस, काय न्हाईस! फारुकभाई कुठंयत?" मग त्याची नजर भाचीच्या गालावर गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चल मुबा, आत चल, लिंबं चिरायला माणूस न्हाय मला." मुबशिरा त्याच्यामागून आत गेली. करिमा कडेच्या टेबलाशी बसली. समोर हायवेवरून कंटेनर जात होते, प्रत्येक गाडीबरोबर टेबलावरचा पाण्याचा पेला बारीक थरथरायचा. उठावं, जावं, कुठंतरी जावं असं तिला वाटत होतं, आणि कुठं ते कळत नव्हतं. आतून सोहेलचं हसणं ऐकू आलं. तो तळलेल्या मासळीची ताटली घेऊन बाहेर आला. "निम्मी लिंबं चिरली आन् गेली मागल्या दाराला. भट्टीतला जाळ बघत बसलीया. आक्षी माझ्यावर गेलीय बघ."

"हसू नको," करिमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच चिरका वाटला. "हसण्यासारखं काय हाय त्यात? तुझ्यावर गेली म्हणूनच तर..." ती थांबली. बोलून गेल्यासारखंच झालं होतं.

सोहेलनं खुर्ची ओढली. त्याला राग आल्यासारखा दिसला नाही. "काय झालं ते सांग."

तिनं सांगितलं. परीक्षा, कोरा पेपर, लिंबाखालची माणसं, होस्टेल. सांगताना ती सारखी आतल्या दाराकडं बघत होती. सोहेल ऐकता ऐकता दोनदा उठला, एका टेबलाचं बिल सांगून आला, एकदा कुणाला तरी भाकरी पाठवायची ती दुसऱ्याच टेबलावर पाठवली आणि त्या माणसांनीही हसून ठेवून घेतली. करिमाचं सांगून झाल्यावर तिनं एकदम विचारलं, "सोहेल, अब्बा तुला मारायचे तवा तुला काय वाटायचं रे?"

तो विचारात पडला. खरंच आठवायचा प्रयत्न करत असावा. "मार आठवतो," तो म्हणाला. "कुठला कोपरा, कुठली भिंत, तू कुठं बसलेली असायचीस, समदं आठवतं. पण कशापायी मारायचे ते न्हाय आठवत बघ. कंचं पुस्तक, कंचा धडा, काय बी न्हाय." मग म्हणाला, "मला बसायचं असायचं गं आपा. खोटं वाटंल तुला. रोज ठरवायचो. आज बसायचंच. आन् मग कसा उठायचो तेच कळायचं न्हाय."

"कधी सांगितलं न्हाईस."

"कुणाला सांगायचं? अब्बांना?" तो हसला आणि उठला, कारण कुणीतरी रस्सा मागत होतं.

करिमानं ताटलीतला मासा तसाच ठेवला. रोज ठरवायचो, हे दोन शब्द तिच्या डोक्यात हायवेच्या आवाजावर तरंगत राहिले. तिला वाटायचं, सोहेलला नको होतं. तिला वाटायचं, मुबशिराला नको आहे. एखाद्याला हवं असूनही जमत नाही, आणि ते हवं असणं कुणाला दिसतसुद्धा नाही, हे कसलं जगणं? आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, भाऊ आहे, भाचीची बाजू घेणारच. उद्या दहावी आहे, जग कुणाचं ऐकून घेतं? एक मन धरावं तर दुसरं सुटत होतं. ती उठून मागच्या दाराला गेली. मुबशिरा उकिडवी बसून भट्टीकडं बघत होती, आणि तिच्या हातात अर्धं चिरलेलं लिंबू होतं. करिमा तिच्या पाठीशी बराच वेळ उभी राहिली. तिनं हाक मारली नाही.

बारामतीच्या गाडीत गर्दी नव्हती. ऊन कलायला लागलं होतं. मुबशिरा आपणहून बोलणार नाही हे करिमाला माहीत होतं, आणि आपण विचारलं की आपला आवाज चढणार हेही माहीत होतं. म्हणून तिनं समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत विचारलं.

"पेपर अवघड होता?"

"नाही. चांगला होता." थोडं थांबून मुबशिरा म्हणाली, "एक गणित होतं, आरशातल्या घड्याळाचं. ते मला लगेच आलं."

"मग लिहिलं का न्हाईस?"

"लिहिणार होते." ती नखानं सीटचं रेक्झिन खरवडत होती. "आधी नाव घातलं. मग खिडकीतून तू दिसलीस."

"मी?"

"तू उन्हात उभी होतीस. सगळे सावलीत बसले होते आणि तू एकटीच उन्हात. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं तू आता बसशील. मी म्हटलं, अम्मी बसली की मी लिहायला घेते. तू बसलीच नाहीस." तिचा आवाज बारीक झाला. "मग मी खाली बघायचे आणि प्रश्न वाचायचे, आणि शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत सुरुवातीचं निघून गेलेलं असायचं. आणि परत तुझ्याकडं बघायचे. मला वाटलं, मी हे बिघडवणारच आहे. थोडंसं लिहून बिघडवलं तर तुम्ही म्हणणार, अजून थोडं लक्ष दिलं असतंस तर. मग मी उठले."

पोरीनं सगळं तिच्यावर ढकलून दिलं असं एक क्षण करिमाला वाटलं आणि रागाची जुनी ठिणगी उडालीही. पण मुबशिरा तक्रार करत नव्हती, ती नुसतं घडलं ते सांगत होती, इतकं नीट, इतकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, की करिमा आपला राग विसरून तिच्याकडं बघायला लागली. या पोरीनं एवढं सलग कधी सांगितलं होतं? की आपण कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं? बाहेर उसाची तोडलेली रानं मागं जात होती. करिमानं तिच्या गालावर हात ठेवला. पोरीचं अंग आधी आक्रसलं. हात तसाच राहिला तेव्हा हळूहळू सैल झालं.

"दुखतंय?"

"आता नाही."

दुकानात पोचल्या तेव्हा फारुक एकटा नव्हता. काउंटरसमोरच्या स्टुलावर सावळाराम आबा बसले होते. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायचे आणि गोळ्या घेऊन झाल्यावरही तासभर बसायचे, असं गिऱ्हाईक. करिमानं येताना सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. आज सांगायचं नाही. निकाल लागेल तेव्हा बघू. पेपर अवघड होता म्हणायचं. पण तिनं तोंड उघडायच्या आत आबांनीच विचारलं, "काय पोरी, कसा गेला पेपर? तुझा बाप सकाळधरनं नुसता मिशीत हसतोय."

मुबशिरानं बापाकडं बघितलं. "आबा, मी कोरा दिला," ती म्हणाली.

फारुक हसला. "चेष्टा करती."

"चेष्टा नाही, अब्बा."

फारुकचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्याखालचं सगळं निघून गेलं. सावळाराम आबांनी आपली पिशवी उचलली, "येतो मी" म्हणाले, आणि पायरी उतरताना एकदा मागं वळून बघत निघून गेले. फारुकनं करिमाकडं बघितलं. ती नजर करिमाला माहीत होती. त्यात राग कमी होता. फसवलं गेल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या तळाला भीती होती.

"आत जा," तो पोरीला म्हणाला. मुबशिरा गोदामाच्या खोलीत गेली. "आता होस्टेल. माझं ठरलं."

"न्हाय," करिमा म्हणाली.

"काय न्हाय?"

"होस्टेलला न्हाय पाठवायची. मी तिला पुण्याला दाखवणार हाय. त्या निकिता मॅडमनी सांगितलेल्या डॉक्टरांना. उद्या फोन करून वेळ घेते."

"हळू बोल." त्यानं रस्त्याकडं बघितलं. "गावात कळलं म्हंजे? पोरीची जात हाय करिमा. चार वर्सांनी कोन दारात उभं राहनार हाय? म्हनतील, डोक्याच्या डॉक्टरकडं नेली हुती."

"ह्या काउंटरवरनं आपण रोज तसल्या गोळ्या देतो," करिमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. "मास्तर येतात, कारखान्यातले साहेब येतात, बाळंतिणी येतात. आपण पाकिटात घालून देतो, तुम्ही त्यांना भाऊ म्हणता, ताई म्हणता. त्यांना येडं म्हणता का तुम्ही? मग आपल्याच पोरीला का?"

"त्यांचं येगळं."

"काय येगळं?"

फारुक काउंटरवरचे गोळ्यांचे पत्ते उगाच एकावर एक रचायला लागला. "मला वाटलं हुतं, ह्या टायमाला निघंल," तो खाली बघत म्हणाला. "मला येत हुतं का असलं काय? तिला येतंय म्हनून वाटलं." मग एकदम, "मारलंस तू तिला?"

"मारलं."

दुपार कलताना असरची अजान झाली तशी फारुक टोपी घालून मशिदीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गरम भज्यांचा पुडा होता. त्यानं तो करिमाला दिला नाही, सरळ गोदामाच्या दारात नेऊन ठेवला आणि गल्ल्यावर येऊन बसला. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. त्या रात्रीही नाही, नंतरही नाही. करिमानं वेळ घेतली तेव्हा त्यानं ऐकलं आणि गिऱ्हाईकाला सुटे दिले.

जायच्या दिवशी करिमा पहाटेच उठली. गाडी सकाळची होती. डबा भरला, पाणी भरलं, मुबशिराला उठवलं, पुन्हा उठवलं. फारुक अंगणात स्कूटर काढून उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "स्टँडवर सोडतो," एवढंच म्हणाला. मुबशिरा दारात बसून बूट घालत होती. एक बूट घातला. दुसऱ्याची नाडी हातात धरली आणि थांबली. उंबऱ्याशी उन्हाची एक तिरीप आली होती, तिच्यात धूळ चमकत होती, आणि पोरगी नाडी हातात तशीच धरून त्या धुळीकडं बघत राहिली. एक कण वर जात होता, खाली येत होता.

करिमाचा जुना राग वर चढायला लागला. तिला तो चढताना कळत होता, अगदी जिभेच्या टोकापर्यंत. अगं गाडी, अगं किती वेळ, अगं आजच्या दिवस तरी. फारुकनं हॉर्नवर अंगठा ठेवला होता, दाबला नव्हता. तो करिमाकडं बघत होता. करिमानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ती मुबशिराच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. तिनं नाडी हातात घेतली नाही. काही म्हणालीही नाही. तिचं सगळं अंग उठायला बघत होतं, हात नाडीकडं जायला बघत होते, आणि ती बसून राहिली.

"अम्मी," बऱ्याच वेळानं मुबशिरा म्हणाली, "धूळ खाली का पडत नाही गं?"

"मला न्हाय माहीत," करिमा म्हणाली. "बूट घाल."

मुबशिरानं बूट घातला. गाडी तोवर गेलेली होती हे तिघांनाही माहीत होतं. फारुकनं स्कूटर परत अंगणातच लावली, घड्याळाकडं बघितलं आणि आत जाऊन दुकानाच्या पोऱ्याला फोन केला की आज त्यानंच उघडावं. बाहेर येऊन तो करिमाच्या पलीकडं, भिंतीला टेकून उभा राहिला.

"फुडली कितीला हाय?" त्यानं विचारलं. "मी पन येतो."